चुलीचे काय झाले?

कार्यशाळा हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो एस.टी.च्या आगारातल्या पाटीवर. ऑइलने काळवंडलेली फरशी, जॅकवर चढवलेली गाडी आणि तिच्या पोटाखालून बाहेर आलेले मेकॅनिकचे दोन पाय, एवढे चित्र त्या शब्दाला माझ्या मनात कायमचे चिकटले आहे. पुढे शाळेत नोकरीला लागल्यावर त्याची निराळी रूपे पाहिली. मूल्यमापनाची कार्यशाळा, नव्या अभ्यासक्रमाची कार्यशाळा, अशा कितीतरी कार्यशाळांना मी वरच्या हुकमाने जाऊन बसले आहे. तिथे फाईल मिळते, चहा मिळतो, दुपारनंतर डोळे मिटू लागतात. पण गाडीखाली शिरलेले पाय काही कुणाचे दिसत नाहीत. म्हणून गेल्या डिसेंबरात बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात कादंबरीलेखनाची तीन दिवसांची कार्यशाळा भरणार आहे असे कळले, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की ही यांपैकी कोणत्या तऱ्हेची?

दुसरा प्रश्न इतरांनी विचारला. रजेच्या अर्जावर सही करता करता आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, शिकवायला चाललात की शिकायला?"

"शिकायला," मी म्हटले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. माझ्या दोन कादंबऱ्या शाळेच्या वाचनालयात आहेत. त्यांच्यावर शाळेचा शिक्का आहे, आणि पंधरा ऑगस्टला पाहुणे आले की त्या टेबलावर मांडल्या जातात. अशी बाई नवशिक्या पोरांच्या रांगेत बसायला निघाली याचा त्यांना शाळेच्या वतीने थोडा कमीपणा वाटला असावा. घरी नणंद आलेली होती. ती तर स्पष्टच म्हणाली, "दोन-दोन पुस्तकं छापून आली वहिनी तुमची, आता आनखी काय शिकाले चालल्या?"

तिचे विचारणे काही वावगे नव्हते. वीस वर्षे रंधा मारलेल्या सुताराला रंधा कसा धरावा हे कुणी शिकवायला जात नाही. मी तिला उत्तर दिले नाही, कारण ते एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते. इथे सवडीने देते.

मी मॅट्रिक. आता दहावी म्हणतात. पण माझ्या वडिलांनी अखेरपर्यंत 'पोरगी मॅट्रिक झाली' असेच सांगितले, आणि मलाही त्या शब्दातला रुबाब आवडतो. आमच्या वेळी मॅट्रिकनंतर चित्रकलेच्या शिक्षकाची पदविका घेता येत असे. तेवढ्या बळावर मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत मी वीस-बावीस वर्षे मुलांना चित्रकला शिकवते आहे. कादंबऱ्या झाल्या त्या रात्री जेवणे उरकल्यावर, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वही ठेवून. साहित्याचा वर्ग म्हणून मी कधी पाहिला नाही. पहिली कादंबरी निघाली तेव्हा गावातली चार माणसे भांडायला तरी आली. 'आमची आळी तुम्ही अशी का दाखवली?' म्हणून एका गृहस्थांनी मला भर बाजारात अडवले होते. दुसरी निघाली तेव्हा कुणीच आले नाही. तोवर मी लेखिका झाले होते. शाल मिळाली, नारळ मिळाला, 'फार सुंदर लिहिलंय' हे वाक्य मिळाले. प्रकाशकाने हस्तलिखितातला स्वल्पविरामही न हलवता पुस्तक छापून दिले. तालुक्याच्या गावातल्या लेखकाचे असे होते. त्याचे कौतुक करणारे वाढत जातात आणि एखाद्या ओळीपाशी थबकून 'हे असे का?' म्हणून विचारणारा माणूस नाहीसा होतो.

गाव सोडल्यावाचून लिहिता येते याचे दाखले आमच्या जिल्ह्यात आहेत. ना. घ. देशपांडे वकिली करीत मेहकरातच राहिले. १९०९ ते २००० एवढे दीर्घ आयुष्य त्यांना लाभले. त्यांची 'शीळ' जी. एन. जोशींनी गायिली आणि ध्वनिमुद्रिकेवरून ती घरोघर गेली. त्या नावाचा संग्रह पुढे १९५४ साली निघाला, आणि 'खूणगाठी'ला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अमडापूरच्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला तोच पुरस्कार २००४ साली मिळाला. तेव्हा गाव आडवे येत नाही, हे मला कबूल आहे.

मात्र पूर्वीच्या लेखकाला टपालाचा एक मोठा आधार असे. मुंबईला गिरगावात, खटाववाडीतून 'सत्यकथा' निघे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक तिला लाभले होते. आलेली कथा बारकाईने वाचायची, काय साधले आहे आणि काय निसटते आहे ते लेखकाला पत्राने कळवायचे, तो पुन्हा लिहील याची वाट पाहायची, अशी त्यांची रीत होती. कुठल्या तरी आडगावच्या मास्तरला ते पत्र म्हणजे विद्यापीठच असले पाहिजे. त्या चोखंदळपणाचा राग येणारेही पुष्कळ होते. १९६९ साली तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. १९८२ साली ते मासिक बंद पडले, तेव्हा मी नुकती चालायला शिकले होते. होळी करणाऱ्यांचे म्हणणे काय होते ते मी वाचले आहे आणि त्यातले काही मला पटतेही. पण ज्याचा राग यावा असा संपादक त्यांना मिळाला होता, याचा मला हेवा वाटतो.

माझी तिसरी कादंबरी सहा वर्षे ट्रंकेत पडून होती. पैनगंगेच्या खोऱ्यातले एक गाव धरणात जाते, त्याची ती गोष्ट. आमच्याकडे धरणे झाली, गावे उठली, नव्या जागी सरळ रस्त्यांची गावे वसली. त्यांतली मुले माझ्या वर्गात बसतात. दोनशे पाने लिहून झाली होती. ती वाचली की वाक्ये नीट होती, माणसे बोलत होती, पाऊस वेळेवर पडत होता, आणि तरीही काहीतरी हलत नव्हते. पुरे करावी की ट्रंकेतच राहू द्यावी, हे मला ठरवायचे होते. ते एकटीने ठरेना. आणि 'फार सुंदर' म्हणणाऱ्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी गेले.

मेहकरहून चिखली आणि चिखलीहून बुलढाणा, अशी गाडी बदलत मी पोचले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर उभी होती, हरभरा हिरवा होता, बायका कपाशी वेचत होत्या. बुलढाणा डोंगरावर असल्यामुळे डिसेंबरात चांगलेच गारठते. वसतिगृहातल्या खोलीत आम्ही चौघी होतो. एक परिचारिका, एक अंगणवाडी सेविका, एक एम.ए.ला असलेली मुलगी आणि मी. सभागृहात एकूण चाळीसेक माणसे. एक निवृत्त तलाठी, दोघे शेतकरी, बाकी बहुतेक महाविद्यालयातली मुले. आयोजकांनी मला पाहून पहिल्या रांगेतली गादीची खुर्ची पुढे केली. मी मागे तिसऱ्या रांगेत जाऊन बसले, तेव्हा शेजारच्या पोरांनी पाय आवरून घेतले आणि बोलणे थांबवले. अनुभवी माणसाने अशा ठिकाणी जाण्यातली पहिली अडचण ही आहे, की तो जिथे बसतो तिथे आपोआप वर्ग भरतो.

पहिला दिवस व्याख्यानांचा होता. मार्गदर्शक विद्वान होते आणि त्यांचा विषयावर जीवही होता. पडद्यावर चित्रे दाखवीत त्यांनी निवेदक म्हणजे काय, काळ मागेपुढे कसा करावा, हे समजावून सांगितले. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखकांची कार्यशाळा सुरू झाली. त्याच विद्यापीठात १९६७ साली देशोदेशींच्या लेखकांसाठी निराळा उपक्रम निघाला आणि आपले दिलीप चित्रे १९७५ साली तिथे गेले, असे त्यांनी सांगितले. पोरांनी ते उतरवून घेतले. मला मात्र समर्थांची आठवण झाली. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनाच्या क्रियेवर आहे. अक्षर कसे वळवावे, ओळी कशा राखाव्यात, कागद, शाई आणि लेखणी कशी असावी, हे सगळे त्यात आहे. काय लिहावे याआधी कसे लिहावे, हे शिकवण्यात कमीपणा आहे असे समर्थांना वाटले नाही. चित्रकलेच्या शिक्षिकेला तो समास फार जवळचा वाटतो. मुलाला पेन्सिल धरायला शिकवता येते, छाया कुठे द्यावी हे शिकवता येते. त्याने काय पाहावे, ते मात्र शिकवता येत नाही. फार तर 'अरे, नीट बघ' असे म्हणता येते.

दुसऱ्या दिवशी आठ-आठ जणांचे गट केले. नियम असा, की प्रत्येकाचे पान दुसऱ्याने मोठ्याने वाचायचे, मग इतरांनी बोलायचे, आणि लेखकाने सगळ्यांचे बोलून होईपर्यंत तोंड उघडायचे नाही. वीस वर्षे वर्गाला 'गप्प बसा' म्हणणाऱ्या बाईला हा नियम किती जड गेला असेल, हे शिक्षकांनाच कळेल.

माझे प्रकरण देऊळगाव राजाकडच्या एका मुलाने वाचले. गाव सोडण्याचा दिवस त्यात आहे. ट्रक आले आहेत, घरांची तुळई-सरे काढून लादली आहेत, देवळातली मूर्ती हलवताना म्हातारे रडत आहेत, आणि गोष्टीतली बाई रिकाम्या सपरीत उभी राहून शेवटचे एकदा घर बघते आहे. मुलगा सावकाश, न अडखळता वाचत होता. स्वतःचे लिहिणे परक्या आवाजात ऐकणे हा चमत्कारिक प्रकार आहे. वाक्य तेच असते, पण त्याच्यावरचा आपला हात सुटलेला असतो. आपण जिथे जोर दिला होता तिथून तो मुलगा सरळ निघून गेला, आणि एका साध्या ओळीवर, जिथे बैल ट्रकमध्ये चढेना एवढेच लिहिले आहे, त्याचा आवाज एकदम खाली आला.

वाचन संपल्यावर थोडा वेळ स्तुती झाली. मग तलाठीसाहेब म्हणाले, "सपरी हा शब्द पुण्या-मुंबईकडे कळायचा नाही. ओसरी करावं, नाहीतर शेवटी शब्दार्थ द्यावेत." दोघांतिघांनी माना डोलावल्या. माझ्या ओठांवर उत्तर आले होते, नियमाने ते गिळले. पण पाळी आल्यावर मी ते दिलेच: सपरीत बसणारी माणसे ओसरीत नेऊन बसवली की अवघडतात; मोकळेपणाने बोलत नाहीत. ज्याला सपरी ठाऊक नाही त्याने दोन पाने वाचावीत, तिथे लोक बसलेले दिसले की ती काय आहे हे त्याला कळेल. कोकणातली पडवी आम्ही अशीच शिकलो, कुणी शब्दार्थ दिले नव्हते. एवढ्यापुरती मी कार्यशाळेतून काही न शिकता परतले आणि त्याचा मला आनंद आहे.

पण त्याआधी, मी गप्प असतानाच, आमच्या खोलीतली ती एम.ए.ची मुलगी बोलली होती. ती संग्रामपूर तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याची. तिचे काही छापून आलेले नव्हते. वहीत बघत, जरा घाबरत ती म्हणाली, "मॅडम, छान आहे. पण मग चुलीचं काय झालं?"

कुणीतरी हसले. ती आणखी घाबरली, पण थांबली नाही. "म्हणजे बघा, तुळया नेल्या, पत्रे नेले, देव नेला. जातं-पाटा नेला असेल. चूल मातीची. ती तर नेता येत नाही. आणि त्या बाईनं त्या दिवशी सकाळी भाकरी केलीच असेल ना? ट्रक यायच्या आधी. मग निघताना तिनं चुलीचं काय केलं?"

गटप्रमुखांनी 'हा तपशिलाचा मुद्दा आहे' असे म्हणून पुढचे पान घ्यायला सांगितले. मी वहीत तेवढेच वाक्य लिहून घेतले. तीन दिवसांत मी लिहून घेतलेले ते एकच वाक्य.

त्या रात्री झोप येईना. थंडी होतीच, शिवाय परिचारिका बाई घोरत होत्या. मला माझ्या वर्गातल्या वह्या आठवत होत्या. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी मुलांची तयारी मी करून घेते. त्यात वस्तुचित्र असते आणि स्मरणचित्र असते. वस्तुचित्रात समोर तांब्या, कांदा, घडी मोडलेले फडके मांडलेले असते. पोर मान वर करून बघते, रेघ काढते, पुन्हा बघते. स्मरणचित्रात समोर काही नसते. तिथे लहान मुलांना मोकळे सोडले तर ती ठरलेले चित्र काढतात. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, त्यातून निघालेली नदी, एक झोपडी आणि तिच्या शेजारी नारळाचे झाड. आमच्या गावाच्या शिवारात बाभूळ आहे, निंब आहे, पळस आहे. नारळ फक्त देवळाबाहेरच्या दुकानात. तरी वर्षानुवर्षे पोरे नारळाचे झाड काढतात, आणि गंमत अशी की ते फार सफाईने काढतात. सरावाचा हात असतो तो.

अनुभव म्हणतात तो लेखकाच्या बाबतीत काहीसा असाच असावा. हात सरावतो. गाव उठण्याचा दिवस म्हटला की ट्रक, तुळया, मूर्ती, रिकामे घर हे आपोआप कागदावर उतरते, आणि ते खोटे नसते. माझे ते पान मला आजही आवडते. पण त्यात मी मान वर करून बघितले होते कुठे? त्या मुलीने फक्त तेवढे करायला सांगितले होते. मी वर्गात ज्याला 'अरे, नीट बघ' म्हणते, ते तिने 'चुलीचं काय झालं' असे म्हटले. नवख्याला कार्यशाळेत काय मिळते, ते नवखेच सांगतील. निवेदक आणि काळ यांचा त्यांना उपयोग होईलही. मुरलेल्या लेखकाला तिथे मिळण्यासारखे एकच आहे. आपले नाव, आपली शाल, आपल्या आधीच्या दोन कादंबऱ्या यांतले काही ठाऊक नसलेला, किंवा ठाऊक असून विसरलेला, असा एक वाचक. खटाववाडीचे पत्र आता येत नाही. हा वाचक आपण होऊन जाऊन शोधावा लागतो, आणि त्याच्यासाठी तिसऱ्या रांगेत बसावे लागते.

तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रे वाटली. माझे नाव पुकारताना निवेदिकेने 'ज्येष्ठ लेखिका' असे जोडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ते प्रमाणपत्र घेतले आणि चिखलीची गाडी धरली.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी आमच्या जवळच्या एका पुनर्वसित गावी गेले. तिथली एक आजी माझ्या विद्यार्थ्याची पणजी लागते. पूर्वीही मी त्यांच्याकडे गेले होते. मोबदला किती मिळाला, मोजणी कशी झाली, कोण पुढारी आले, सगळे विचारले होते. या वेळी चहा झाल्यावर मी म्हटले, "आजी, जुनं गाव सोडलं त्या दिवशी चुलीचं काय केलं होतं तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मास्तरीण असून हिला एवढे कळत नाही.

"काय करतात चुलीचं? पोतारली."

"पाण्यात जाणार होती तरी?"

"मंग? भाकरी झाल्या, इस्तू काढला, राख भरली, चूल पोतारली. रोज पोतारतो तशी. शिळी चूल पान्याले कशी द्याव, बाप्पा?"

एवढे बोलून त्या सुनेला हाक मारायला उठल्या. त्यांच्या लेखी बोलणे संपले होते. मी मात्र बराच वेळ तशीच बसून राहिले. साऱ्या गावात धावपळ चाललेली, ट्रकवाला भोंगा वाजवतो आहे, आणि ही बाई पांढऱ्या मातीत पोतेरे बुडवून, चार महिन्यांत पाण्याखाली जाणाऱ्या चुलीवर ओला हात फिरवते आहे.

परतताना मला म्हाइंभट आठवले. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत आमचे लोणार आणि मेहकर येते, त्यामुळे लीळाचरित्राची आम्हांला जवळीक वाटते. स्वामी गेल्यावर तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ते रचले. आधीचे मोठे पंडित. पण ज्यांनी जे पाहिले-ऐकले ते त्यांच्याकडे जाऊन विचारावे, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यावे, अशी त्यांची पद्धत. विद्वान माणूस वाटेल ते रचू शकला असता. तो विचारत हिंडला, म्हणून मराठी गद्याला आरंभीच एवढा भरभक्कम पाया मिळाला. आयोवाची कार्यशाळा मोठी असेल. मला ही आपली जुनी अधिक सोयीची वाटते.

ट्रंकेतली कादंबरी मी बाहेर काढली आहे. सगळी पुन्हा लिहावी लागणार, असे दिसते. गाव सोडण्याचे प्रकरण प्रथम लिहून काढले आणि संग्रामपूरच्या त्या मुलीला फोनवर पाठवून दिले. दोन दिवसांनी तिचे उत्तर आले. आवडल्याचे एक वाक्य, आणि त्याखाली: "मॅडम, पोतारल्यावर ते पोतेरं कुठं ठेवलं? तिथंच, की बरोबर नेलं?"

येत्या रविवारी आजींकडे पुन्हा जायचे आहे.